तलवार मोजणारी माणसं

स्वीडनमधल्या व्हेस्टेरोस शहरात एक जुनं कॅथेड्रल आहे. स्वीडनचा कारभार पाहणारा राज्यपालक स्वान्ते निल्सन 1512 च्या अगदी सुरुवातीला वारला. त्याला या कॅथेड्रलमध्ये पुरलं, तेव्हा दोन हातांनी धरायची त्याची लांब तलवारही त्याच्यासोबत गेली. जवळजवळ पाच शतकांनी पीटर जॉन्सन या स्वीडिश कारागिरानं ती तलवार हुबेहूब पुन्हा घडवायचं मनावर घेतलं. अशा कामाची सुरुवात भट्टी पेटवून होत नाही. मोजपट्टी, जाडी मोजायचं कॅलिपर, वजनकाटा, कागद आणि पेन्सिल एवढं सामान घेऊन कारागीर मूळ तलवारीसमोर बसतो आणि तासन् तास आकडे लिहून घेतो.

पात्याची लांबी, मुठीजवळची रुंदी, टोकाजवळची रुंदी हे आकडे कुणीही घेईल. खरं काम त्यानंतर सुरू होतं. मुठीपासून टोकापर्यंत दर काही सेंटिमीटरवर पातं किती जाड आहे? मधली खाच कुठे संपते आणि ती किती खोल आहे? एका बोटावर आडवी धरली तर तलवार नेमकी कुठे तोलते? मूठ एका हातात धरून मागच्या गोळ्यावर दुसऱ्या हाताची चापट मारली की पातं थरथरतं, पण त्याच्या लांबीत एक जागा अशी असते जी हलत नाही. ती जागा कुठे आहे? हे सगळं कागदावर उतरल्याशिवाय तलवारीची खरी प्रत करता येत नाही. फोटोवरून केलेली प्रत ही फार तर तलवारीचं चित्र ठरते. तेही लोखंडात काढलेलं, इतकंच.

असली लोखंडी चित्रं आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातली आहेत. गडाच्या पायथ्याशी, देवस्थानाबाहेर, लग्नाच्या सामानाच्या दुकानात ती टांगलेली असतात. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीतून आकार कापलेला असतो, मुठीपासून टोकापर्यंत जाडी तेवढीच, आणि चमक आरशासारखी. पात्याची जी शेपटी मुठीत शिरते ती बहुतेक वेळा बोटाएवढीही नसते. पात्याला एक बारीक सळई वेल्डिंगनं जोडून तिच्यावर मूठ चढवलेली असते. भिंतीवर ती शोभते, त्याबद्दल तक्रार नाही. पण उत्साहाच्या भरात कुणी ती जोरात फिरवली तर नेमका तो जोड तुटतो आणि पातं समोरच्याच्या अंगावर जातं. शोभेची तलवार फिरवण्यासाठी नसते, हे ती विकत घेणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं गेलं पाहिजे.

शोभेच्या तलवारींनी आणि सिनेमांनी आणखी एक गैरसमज पसरवला आहे, तो वजनाचा. जुन्या काळच्या तलवारी प्रचंड जड होत्या आणि त्या पेलणारी माणसं राक्षसी ताकदीची होती, असं सर्रास सांगितलं जातं. युरोपातल्या वस्तुसंग्रहालयांमधल्या तलवारी काट्यावर ठेवल्या, तेव्हा एका हातानं चालवायच्या मध्ययुगीन तलवारीचं वजन साधारण एक ते दीड किलोच्या आत भरलं. दोन्ही हातांनी धरायची लांब तलवारही बहुधा पावणेदोन किलोच्या आत असते. पाण्याची लिटरभराची भरलेली बाटली हातात धरली तर एका हाताच्या तलवारीच्या वजनाचा अंदाज येतो. ज्याला तासभर लढायचं आहे आणि जिवंत परतायचं आहे, त्याला याहून जड हत्यार कोण देईल?

पण नुसतं वजन जुळवून भागत नाही. क्रिकेट खेळणाऱ्याला हे चटकन समजेल. काट्यावर सारख्याच भरणाऱ्या दोन बॅटी हातात घेतल्या तर एक उचलताच हलकी लागते आणि दुसरी मनगटाला ओढते. खेळाडू त्याला ‘पिकअप’ म्हणतात. तलवारीचंही तसंच आहे. चांगल्या जुन्या पात्याची जाडी मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर असते आणि टोकाकडे जाता जाता ती दोन मिलिमीटरपर्यंत उतरते. हा उतारही एकसारखा नसतो. कुठे तो झपाट्यानं येतो, कुठे हळूहळू. या उतारामुळे वजन हाताकडे राहतं आणि टोक हवं तिथे वळतं. मुठीच्या शेवटी जो लोखंडी गोळा किंवा चकती असते, ती तोल सांभाळण्याच्या कामाची असते. नक्षी हे तिचं दुसरं काम. हा उतार चुकला की तलवार दिसायला बिनचूक राहते आणि हातात मात्र पहारीसारखी लागते.

पात्याच्या मधल्या लांब खाचेबद्दलही असाच एक समज आहे. रक्त वाहून जावं म्हणून ती असते, असं म्हणतात. तसं काहीच नाही. इमारतीच्या लोखंडी गर्डरचा मधला भाग पातळ असतो, तरी तो वाकत नाही. खाचेचं तत्त्व तेच आहे. जिथे धातूची गरज नाही तिथला काढून टाकायचा, म्हणजे वजन घटतं आणि ताठपणा टिकतो.

हे सगळं शास्त्र म्हणून मांडण्याचं मोठं श्रेय इवर्ट ओकशॉट या इंग्रज अभ्यासकाला जातं. 1916 ते 2002 हा त्यांचा काळ. हाडाचे चित्रकार असलेल्या ओकशॉट यांनी आयुष्यभर तलवारी हाताळल्या, रेखाटल्या आणि त्यांची वर्गवारी लावली. त्यांच्या आधी 1919 मध्ये नॉर्वेच्या यान पेटरसननं व्हायकिंग तलवारींच्या मुठींवरून प्रकार पाडले होते. ओकशॉट यांनी त्यापुढच्या मध्ययुगीन तलवारी घेतल्या आणि पात्याचा आकार व उपयोग पाहून रोमन अंकांत दहापासून बावीसपर्यंत प्रकार लावले. साखळ्यांचं चिलखत होतं तेव्हा रुंद, कापणारं पातं चाललं. पुढे अंगभर पत्र्याचं चिलखत आलं तसं पातं निमुळतं, ताठ आणि टोकदार होत गेलं, कारण आता सांध्यांच्या फटींतून टोक घुसवावं लागणार होतं. आज जगात कुठेही मध्ययुगीन युरोपीय तलवार घडवणारा कारागीर आपल्या कामाचं नाव सांगताना ओकशॉट यांचाच क्रमांक उच्चारतो.

पीटर जॉन्सन हाही मुळात आरेखनाचं शिक्षण घेतलेला माणूस. लोहारकाम तो त्या शिक्षणाच्या जोडीनं शिकला. म्हणूनच कदाचित त्याला मोजमापांमध्ये एक वेगळी गोष्ट दिसली. शेकडो तलवारींची मापं घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की पातं, आडवी मूठपट्टी, मूठ आणि गोळा यांची प्रमाणं साध्या भूमितीत बसतात. कंपास आणि सरळ पट्टी घेऊन वर्तुळांशेजारी वर्तुळं काढत गेलं की तलवारीची बाह्यरेषा हाती येते. गॉथिक चर्चं बांधणारे गवंडी जी भूमिती वापरत, तीच तलवारीच्या आराखड्यामागे असावी, असं त्याचं म्हणणं आहे. 2015 मध्ये जर्मनीतल्या झोलिंगन शहराच्या पाती-संग्रहालयात या विषयावर त्याचं प्रदर्शन भरलं. जुन्या कारागिरांनी असा आराखडा लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे जॉन्सन स्वतःही याला सिद्धान्त न म्हणता तर्क म्हणतो. आपल्याकडे मूर्तिकार तालमानानं मूर्तीची उंची आणि अवयवांची प्रमाणं ठरवत आले आहेत. ज्यानं ते काम जवळून पाहिलं आहे, त्याला जॉन्सनचा तर्क परका वाटणार नाही.

आता घडणीकडे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात न्यू ग्लेरस नावाचं गाव आहे. तिथली अल्बिअन ही कंपनी जॉन्सनच्या मोजमापांवरून तलवारी बनवते. स्वान्तेची तलवारही त्यांनी केली. तिथे पातं हातोड्यानं घडवत नाहीत. स्प्रिंग स्टीलच्या पट्टीतून संगणकावर चालणारं यंत्र पात्याचा ओबडधोबड आकार कोरून काढतं. मग पात्याला पाणी देतात. पुढे माणूस घासणीच्या पट्ट्यासमोर उभा राहून हातानं ते अंतिम जाडीला आणतो. मूठपट्टी आणि गोळा मेणाच्या साच्यावरून ओततात, पात्याच्या शेपटीवर चढवतात आणि शेपटीचं बाहेर आलेलं टोक ठोकून पसरवतात, म्हणजे सगळं एकजीव होतं. लाकडी मुठीवर दोरा आणि दोऱ्यावर चामडं. चामडं ओलं असताना त्यावर पुन्हा दोरा आवळतात आणि सुकल्यावर सोडतात. राहिलेल्या वळांमुळे घामेजलेल्या हातातूनही मूठ सटकत नाही.

‘पाणी देणं’ हा आपल्या लोहारांचा शब्द या प्रक्रियेला नेमका बसतो. पोलाद साधारण आठशे ते साडेआठशे अंशांपर्यंत लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम बुडवलं की ते कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा कमी आचेवर तापवतात. थोडी कठीणता जाते आणि त्या बदल्यात लवचिकपणा येतो. तलवार वाकून पुन्हा सरळ झाली पाहिजे आणि तिची धारही टिकली पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि त्यांच्यातला मध्य साधणं हीच लोहाराची परीक्षा. आपल्या खेड्यातला लोहार ट्रकच्या पाट्याचा कोयता करतो तेव्हा तो याच परीक्षेला बसलेला असतो, आणि त्याचं पोलादही याच स्प्रिंग स्टीलच्या जातकुळीचं असतं.

इथे एक प्रश्न उभा राहतो. संगणकाच्या यंत्रानं कोरलेल्या तलवारीला ऐतिहासिक कसं म्हणायचं? उत्तर, प्रत कशाची करायची आहे यावर आहे. वस्तूची प्रत करायची असेल, म्हणजे पंधराव्या शतकातल्या माणसाच्या हातात ती जशी वागली तशीच आज वागावी एवढंच हवं असेल, तर पोलाद आधुनिक असलं तरी बिघडत नाही. माप बरोबर हवं. कामाची प्रत करायची असेल तर मात्र खनिजापासून सुरुवात करावी लागते. दोन्ही कामं प्रामाणिक आहेत. कारागिरानं आपण कोणतं काम केलं ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं, की झालं.

कामाची प्रत करणाऱ्यांच्या कहाण्या जास्त रंजक आहेत. 1939 मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात सटन हू इथे एका टेकाडाखाली सातव्या शतकाच्या सुरुवातीची जहाजसमाधी सापडली. तिच्यातली तलवार म्यानासकट गंजून एकच गोळा झाली होती. क्ष-किरणांखाली धरल्यावर तिच्या पोटातली रचना दिसली. लोखंडाच्या बारीक सळ्या जुडीनं पिळून, ठोकून, शेजारी शेजारी जोडलेल्या होत्या आणि त्यांच्या कडेनं धारेचं पोलाद लावलेलं होतं. स्कॉट लँक्टन या अमेरिकी लोहारानं ब्रिटिश म्युझियमसाठी तिची प्रत तशाच पिळलेल्या सळ्यांमधून घडवली. गंजाच्या गोळ्याकडे पाहून ज्याची कल्पनाही येत नाही, ते पाण्याच्या लाटांसारखं पातं तेव्हा लोकांना दिसलं. चेक प्रजासत्ताकातला पात्रिक बार्ता तर पुरातत्त्व-अभ्यासकांना सोबत घेऊनच काम करतो. उत्खननात मिळालेल्या पात्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचा आणि त्यानुसार पात्याचे थर रचायचे, ही त्याची पद्धत.

‘उल्फबर्ट’ असं नाव कोरलेल्या व्हायकिंग काळातल्या तलवारींचं कोडं याहून मोठं आहे. नवव्या ते अकराव्या शतकातल्या अशा दीडशेहून जास्त तलवारी युरोपात सापडल्या आहेत. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधले धातुशास्त्रज्ञ अॅलन विल्यम्स यांनी त्यांतल्या काहींचे नमुने तपासले. काही पात्यांचं पोलाद त्या काळच्या युरोपच्या मानानं फारच शुद्ध आणि कार्बननं समृद्ध निघालं. ते मुशीत वितळवून केलेलं, बहुधा पूर्वेकडून व्यापारानं आलेलं पोलाद असावं, असं त्यांनी सुचवलं. काही पाती मात्र हलक्या प्रतीची निघाली आणि त्यांतल्या बऱ्याच पात्यांवर नावाच्या अक्षरांमधल्या क्रुसाची जागाही वेगळी होती. म्हणजे नकली माल तेव्हाही खपत होता. विस्कॉन्सिनच्याच रिक फरर या लोहारानं 2012 च्या एका माहितीपटासाठी मुशीत पोलाद वितळवून उल्फबर्ट तलवार घडवून दाखवली. मुशीतून निघालेल्या एवढ्याशा लादीतून दोन-अडीच फुटांचं पातं ओढून काढताना एक घाव थंड धातूवर पडला की तडा गेलाच म्हणून समजा.

मुशीतलं पोलाद म्हटलं की गोष्ट भारतात येते. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत शुद्ध लोखंड, कोळसा आणि पालापाचोळा मातीच्या मुशीत घालून, तोंड लिंपून, तासन् तास तापवत. आतून मुठीएवढी पोलादाची वडी निघे. कानडीतल्या ‘उक्कु’ या शब्दावरून इंग्रजांनी तिला ‘वूट्झ’ म्हटलं. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांमधून या वड्या इराणपर्यंत जात. पश्चिम आशियातले लोहार त्यांची पाती घडवत आणि युरोपीय त्यांना दमास्कसची तलवार म्हणत. पात्यावर आम्ल चोळलं की काळ्या-पांढऱ्या रेषांचं पाणी उमटे. हेच ते प्रसिद्ध जौहर. मायकेल फॅरडेनं विजेतल्या मोठ्या शोधांच्या आधी, 1820 च्या आसपास, जेम्स स्टोडार्ट या चाकू-सुऱ्या करणाऱ्याबरोबर वूट्झवर प्रयोग केले होते. रशियात पावेल आनोसव यांनी झ्लाटउस्तच्या कारखान्यात वर्षानुवर्षं झटून तसं पोलाद केलं. तोवर इकडे ही विद्या विझत चालली होती आणि विसावं शतक उजाडेपर्यंत ती जवळजवळ लोपली.

ती परत कुणी आणली? एका नालबंदानं. फ्लॉरिडातला अल पेंड्रे घोड्यांना नाल ठोकत असे आणि पोटापाण्याचं काम सांभाळून जौहराच्या मागे लागलेला होता. आयोवा राज्य विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हन आणि तो असे दोघं एकत्र आले. पेंड्रे वड्या वितळवायचा आणि घडवायचा, व्हर्होव्हन त्यांचे छेद तपासायचे. पेंड्रेच्या काही वड्यांमधून सुंदर जौहर निघे आणि काहींमधून अजिबात निघत नसे. कृती तीच, हात तोच, मग फरक कुठे? अखेर उत्तर मिळालं ते अशुद्धीत. लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूचा शेकड्यात काही शतांश, कधी त्याहूनही कमी, अंश असला तरच पुन्हा पुन्हा तापवून ठोकताना लोखंड आणि कार्बन यांच्या संयुगाचे कठीण कण रांगा धरतात आणि रेषा उमटतात. 1998 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातून विद्या लोपण्याचंही एक कारण त्यांनी सुचवलं. ज्या खाणींच्या खनिजात हा अंश होता, त्या खाणींचं खनिज मिळेनासं झालं असेल. लोहाराला व्हॅनेडियम ठाऊक असणं शक्यच नव्हतं. बापानं शिकवल्याप्रमाणे सगळं करूनही पात्यावर पाणी येईना, तेव्हा मुलानं ते काम सोडलं असेल.

एका प्रतीच्या हट्टापायी सापडलेलं हे ज्ञान आहे. जुन्या पात्यांकडे नुसतं काचेपलीकडून पाहत राहिलं असतं तर ते कधीच हाती आलं नसतं. (आज बाजारात ‘दमास्कस’ म्हणून जे चाकू मिळतात ते बहुतेक दोन जातींच्या पोलादाचे थर एकावर एक जोडून केलेले असतात. त्यांचं सौंदर्य वेगळं आहे, पण ते वूट्झ नव्हे.)

जपानमध्ये या कलेचा धागा तुटलाच नाही. तिथे लोहाराला सरकारी परवाना लागतो, त्यासाठी परवानाधारक गुरूकडे किमान पाच वर्षं शिकावं लागतं, आणि परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात. लागणारं पोलाद शिमाने प्रांतातल्या भट्टीत हिवाळ्यात काळ्या वाळूपासून काढतात. ती भट्टी 1977 मध्ये पुन्हा सुरू झाली. इसे इथल्या देवस्थानाची तर प्रथाच अशी आहे की दर वीस वर्षांनी मंदिर नव्यानं बांधायचं आणि देवाची वस्त्रं, आभूषणं, तलवारी, सगळं जसंच्या तसं पुन्हा करायचं. 2013 चा सोहळा बासष्टावा होता. वीस वर्षांच्या या अंतरामुळे गुरूला आयुष्यात एकदा तरी शिष्याच्या शेजारी बसून ते काम करता येतं.

युरोप-अमेरिकेत तलवारींच्या प्रतींची मागणी वाढण्याचं एक कारण आखाड्यात आहे. इंग्लंडच्या रॉयल आर्मरीजमध्ये सुमारे 1320 चं एक हस्तलिखित आहे, तलवार आणि छोटी ढाल कशी चालवावी हे त्यात चित्रांसह दाखवलं आहे. इटलीचा फिओरे, जर्मनीचा लिख्टेनाउअर या तलवारबाजीच्या उस्तादांच्या परंपरेचीही हस्तलिखितं आहेत. गेल्या तीसेक वर्षांत हजारो लोक ती वाचून त्यांतले डाव पुन्हा उभे करत आहेत. चित्रातला डाव हातात जड, बेतोल तलवार असेल तर जमतच नाही. म्हणून बोथट पण मापात अचूक तलवारींची गरज पडली. प्रत बिघडली की पोथीचा अर्थही बिघडतो, हे ही मंडळी सरावातून शिकली.

यांतल्या अनेकांच्या हातातली पहिली तलवार भारतात बनलेली असते. देहरादूनच्या विंडलास कंपनीची सुरुवात 1943 मध्ये झाली. तिनं गुरखा पलटणींसाठी कुकऱ्या केल्या. आज जगभरातल्या सैन्यांच्या समारंभी तलवारी आणि ऐतिहासिक हत्यारांच्या प्रती ती बनवते. हँक राइनहार्ट या अमेरिकी तलवारवेड्या माणसानं 1980 च्या दशकात सहकाऱ्यासोबत उभी केलेली म्युझियम रेप्लिकाज ही विक्री-कंपनीही आता तिच्याच घरात आहे. मेरठच्या कारखान्यांत रोमन शिरस्त्राणं आणि चिलखतं बनतात आणि युरोपातल्या जत्रांमध्ये मिरवली जातात. म्हणजे परदेशी तलवारीची प्रत करायला लागणारे हात, भट्ट्या आणि व्यवस्था आपल्या देशात आहेत.

मग मराठी तलवारीचं काय?

नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनानं एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 47 लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचं पातं युरोपीय आहे, त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘सेनासाहेबसुभा’ या किताबासह रघुजींचं नाव आहे. अशा तलवारीला आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणत. झोलिंगनसारख्या गावांतलं पातं समुद्रावरून यायचं आणि इथला कारागीर त्याला इथली मूठ चढवायचा. हे शक्य झालं ते आपल्या मुठीच्या रचनेमुळे. युरोपीय तलवारीत शेपटी मुठीच्या आरपार जाऊन टोकाला ठोकलेली असते. आपल्याकडे शेपटी आखूड ठेवून पोकळ मुठीत गरम लाख भरत आणि त्यात ती रोवत. लाख तापवली की मूठ निघे, पातं बदलता येई. प्रत करताना लाखेऐवजी नटबोल्ट किंवा वेल्डिंग वापरलं की ही सगळी गोष्ट पुसली जाते.

मुठीच्या आकाराचंही तसंच. जुन्या तलवारीची मूठ आजच्या माणसाला आखूड वाटते आणि ‘पूर्वजांचे पंजे लहान होते का?’ असा प्रश्न येतो. ती मूठ हात घट्ट बसावा म्हणूनच आखूड असते. मागची चकती मनगटाला टेकते, परज बोटं राखते आणि घाव ओढून कापण्याचा होतो. गिऱ्हाइकाला ऐसपैस वाटावं म्हणून आजचा कारखानदार मूठ वाढवतो, तेव्हा तो तलवारीची चाल बदलून टाकतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांत पट्टा आजही फिरतो, आणि पट्ट्याचं पातं किती लवचिक हवं हे तिथल्या वस्तादांच्या हाताला माहीत आहे. ते हाताला माहीत असलेलं कागदावर उतरायला हवं.

ओकशॉट यांनी युरोपीय तलवारींसाठी जे केलं तसं काम मराठी तलवारीसाठी व्हायला हवं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, साताऱ्यात, कोल्हापुरात शस्त्रं आहेत. त्यांच्याजवळच्या पाट्यांवर लांबी आणि शतक यापलीकडे फारसं काही वाचायला मिळत नाही. वजन, तोल, दर पाच सेंटिमीटरवरची जाडी हे आकडे घेऊन ते सर्वांसाठी खुले केले, तर देहरादूनचा कारखाना असो की गावातला लोहार, त्याला खरी प्रत करता येईल. आणि मग गडावर येणाऱ्या पोराच्या हाती फोटोवरून कापलेला पत्रा पडणार नाही.

हे काम घरापासूनही सुरू होऊ शकतं. पुष्कळ घरांमध्ये खंडेनवमीला एखादी जुनी तलवार देवासमोर मांडली जाते. यंदा ती मांडण्याआधी तिला पॉलिश पेपर लावू नका आणि चकाकी आणण्यासाठी तिच्यावर मुलामा चढवू नका. त्यानं पात्यावरचं जुनं पाणी आणि खुणा कायमच्या जातात. मऊ फडक्यानं पुसा, तेलाचा पुसट हात द्या. मग काटा आणि कॅलिपर घ्या. वजन, लांबी, तोलाची जागा, दर पाच सेंटिमीटरवर रुंदी आणि जाडी एका वहीत लिहा, शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि ती वही तलवारीसोबतच जपून ठेवा.